उजवी बाजू

मिरजेत शिकलगारांच्या गल्लीत
छपरांवर भोपळे वाळत असतात,
बिया काढलेले, पोटं मोकळी.
त्या घरातला इलाही तंबोरे सोडून माईकच्या नादी लागला
तेव्हा बाप आठ दिवस बोलला नाही.
नवव्या दिवशी म्हणाला,
"त्या डबड्याला जवारी असते का?"

इलाहीचा डावा कान लहानपणीच गेलेला, गोवराच्या तापात.
आवाज कळायचा, कुठून आला ते नाही.
रस्त्यात हाक मारली की स्वतःभोवती गिरकी घ्यायचा,
पोरं हसायची. मीही हसलोय.

मी त्याची बॅटरी उचलायचो. महिना अकरा रुपये, चहा वेगळा.

पहिला माईक कोळशाचा.
आतली पूड थिजून बसायची,
भर सभेत आवाज घोगरा व्हायचा,
मग इलाही स्टेजवर जाऊन टिचकी मारायचा.
लोकांना वाटे, तपासतोय.
तो म्हणे, "झोपलेल्याला उठवतोय."

दुसरा पुण्याच्या जुन्या बाजारातला, पट्टीचा.
दोन लोहचुंबकांच्या फटीत
ॲल्युमिनियमची चुणीदार पट्टी,
श्वासानं हलेल इतकी पातळ.
पुढचं ऐकतो, मागचं ऐकतो,
दोन्ही कुशींना ठार बहिरा.
"माझ्याहून एक बाजू जास्तच," इलाही म्हणाला
आणि त्याला उशाशी घेऊन झोपला.

आरगच्या सभेत उमेदवारानं त्यात फुंकर मारली.
पट्टी फाटली. निवडणूकही तो हरला, पण ते नंतर.
इलाहीनं सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद सोलला,
बंद घड्याळाच्या दोन दातेरी चाकांमधून काढला,
चुण्या पडल्या.
तीन रात्री गेल्या. चौथ्या पहाटे
माईकनं कंदिलाच्या वातीची चरचर ऐकली.

'फुंकू नये' अशी पाटी मी खडूनं लिहिली.
लोक वाचायचे, आणि फुंकायचे.

त्या साली बेडगच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला.
एकच कर्णा, पडद्यामागे.
घोडा या टोकाकडून त्या टोकाला धावे,
टापा मात्र मधोमध उभ्या.
इलाहीला रात्रभर झोप नाही.
सकाळी घरी जाऊन, न विचारता,
दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसला,
एकाच्या भोपळ्याला उजवा कान लावून.
गाणारा असाच बसतो.
सूर कुठून येतो, कुणी विचारत नाही,
सूर असतो, आपण त्याच्या पोटात.

बापानं चार तडकलेले भोपळे दिले. "उसने," म्हणाला.

चार भोपळ्यांत चार स्पीकर,
तंबूच्या चार खांबांना सुतळीनं आवळलेले.
मध्ये एक फळी, तिच्यावर जुन्या रेडिओंची चार बटणं,
चारी वेगळ्या रंगांची.
फिल्म तीच, आवाजही एकच,
तो हातानं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा,
पाटाचं पाणी वळवावं तसा.

घोडा आला. टापा डाव्या खांबापासून निघाल्या,
बायकांत एकीनं लेकराला ओढून मांडीत घेतलं.
मग विहिरीचा प्रसंग. हाक मागून आली
आणि तीनशे माना
पडद्याकडे पाठ करून वळल्या.

इलाही पडद्याकडे बघतच नव्हता.
"कळतंय का तुला, कुठनं येतंय?" मी उजव्या कानात विचारलं.
"मला काय कळतंय रं? मी माना बघतोय."

तंबूवाल्यानं पैसे कापले,
लोक सिनेमा सोडून मागं बघतात म्हणून.
भोपळे परत गेले. बापानं एकावर बोट वाजवलं,
"हा जरा बोलका झालाय."

परदेशात हे कुणी आधीच केलं होतं,
मोठ्या थेटरात, मोठ्या पैशानं.
आम्हाला फार उशिरा कळलं.
"त्यांचे दोन्ही कान धड असतील," इलाही म्हणाला
आणि सोल्डरिंगकडे वळला.

परवा त्याला पोचवून आलो.
त्यांच्यात उजव्या कुशीवर निजवतात.
चांगला कान मातीला, गेलेला वर.
लोक चारी बाजूंनी उभे, हळू बोलत.
मी सवयीनं
त्याच्या उजवीकडे जाऊन थांबलो.